कडुनिंबाला टांगलेलं फॉस्फेट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला रसायनशास्त्राचा प्रकल्प होता. घरगुती पदार्थांतून फॉस्फेटची संयुगं वेगळी करायची आणि ती फॉस्फेटच आहेत हे परीक्षण करून दाखवायचं. मालेगावच्या आमच्या कॉलेजातले सर तासिका तत्त्वावर होते, पण शिकवायचे पूर्ण पगारी माणसासारखं. भांडणं नकोत म्हणून त्यांनी पदार्थांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एकीला टूथपेस्ट आली, एकाला धुण्याची पावडर, एकाला काळं कोल्ड्रिंक. कोल्ड्रिंकवाल्याने आपला नमुना प्रयोगाच्या आधीच पिऊन टाकला आणि दुसरा आणायला गेला. मला हाडं आली.

मी सरांना म्हटलं, आमच्या घरी तुळशीची माळ आहे, हाडं हा आमच्याकडे घरगुती पदार्थ होत नाही. सर म्हणाले, कुणाच्या तरी घरचा असेलच. चिठ्ठी बदलून मिळाली नाही.

आमचं गाव किन्हीराजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आहे. आमच्या घरात आई, बाबा, आबाजी आणि मी. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, पण माझं वेळापत्रक त्यांना पाठ होतं. त्यांनी आईला आणि सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, की पोरगी यंदा पदवी घेते, मग पुढचं बघू. पुढचं म्हणजे दोन गोष्टी होत्या. मी पदवीधर झाले तर अमरावतीला एम.एस्सी., आणि वर्ष गेलं तर आत्याने आणून ठेवलेलं एक स्थळ. मुलगा चांगला होता म्हणतात. मी त्याचा फोटो उलटा करून पुस्तकात ठेवला होता.

हाडं शेजारच्या काकूंनी दिली. त्यांच्याकडे रविवारी मटण असायचं. मी पिशवी घेऊन गेले की त्या हाडं देत, पण आमच्याकडे कुत्रं पाळलं का, असंही विचारत. मी फॉस्फेटबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रविवारी थोडी शिळी भाकरीही बरोबर दिली.

आई म्हणाली, हाडं घरात येणार नाहीत, गोठ्यातही येणार नाहीत, आणि चुलीच्या तर आसपास नाही. मग मी गोठ्याच्या मागे मोकळ्या जागेत गोवऱ्या रचल्या आणि त्यावर हाडं जाळली. पूर्ण पांढरी होईपर्यंत जाळायची, असं सरांनी सांगितलं होतं, म्हणजे आतलं मांसाचं, चरबीचं सगळं निघून जातं आणि कॅल्शियम फॉस्फेट राहतं. राख झाडून पांढरे तुकडे वेचले, धुतले, वाळवले. ते इतके सुरेख निघाले की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आता ते कॉलेजात नेईपर्यंत ठेवायचे कुठे, एवढाच प्रश्न होता. जमिनीवर ठेवले तर कुत्री, उंचावर ठेवले तर कावळे. मी एक कोरं गाडगं घेतलं, तुकडे त्यात घातले, धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि सुतळीने ते गोठ्याजवळच्या कडुनिंबाच्या फांदीला टांगलं. हवेशीर, कोरडं, कुणाचा हात न पोचणारं. प्रयोगशाळेतही यापेक्षा चांगली सोय झाली नसती.

आमच्याकडे माणूस गेला की सावडून आणलेल्या अस्थी घरात घेत नाहीत. त्या गाडग्यात घालतात, फडकं बांधतात आणि नदीवर नेईपर्यंत झाडाला टांगतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त त्या वेळी माझ्या डोक्यात कॅल्शियम फॉस्फेट होतं.

त्या दिवसांत आबाजी घरी नव्हते. ते आसेगावला आत्याकडे गेले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. हरभरा सोंगायला आला होता, म्हणून आई-बाबा उजाडताच शेतात जात ते दिवस मावळताना परत येत. तोंडी परीक्षा परवावर आली होती. हाडं उद्या न्यायची, ॲसिडात विरघळवायची, फॉस्फेट काढायचं, असं ठरवून मी बाकीचं लिखाण दाखवायला कॉलेजात गेले. घराला कुलूप होतं. झाडाला गाडगं होतं.

गावाने पुढचा विचार कसा केला, ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आणि खरं सांगते, त्यात एकही चूक नव्हती. म्हातारा ऑपरेशनला गेला. परत आला नाही. घराला कुलूप. झाडाला गाडगं. म्हणजे म्हातारा तिकडेच गेला, तिकडेच अग्नी दिला, आणि अस्थी घरी आणल्या. मग घरच्यांनी गावाला सांगितलं का नाही? तर पोरीची परीक्षा आहे म्हणून. आणि ते शेतात कसे गेले? तर हरभरा कुणासाठी थांबत नाही, आणि दुःखात माणूस कामाला लागलेला बरा. सगळ्यांना हे इतकं पटलं की कुणी विचारायला शेतात गेलंच नाही. उलट, त्यांना एकटं राहू द्या, असं ठरलं.

दुपारच्या एसटीने मी परत निघाले. बसमध्ये आमच्या गावची एक बाई होती, एरवी जागेसाठी भांडणारी. तिने उठून मला खिडकीची जागा दिली आणि माझा हात हातात घेऊन थोपटत राहिली. मला वाटलं, परीक्षेचं हिलाही कळलं. ती म्हणाली, “शिकत राहा बाई. त्यायची लय इच्छा होती.” मी म्हटलं हो, बाबांची आहेच. ती पदराने डोळे पुसायला लागली. माझ्या शिक्षणाची गावात एवढी आस्था आहे हे मला माहीत नव्हतं. मी भारावून गेले.

मग मोबाईलवर गावाचा ग्रुप उघडला. वरच आबाजींचा फोटो होता, भोवती झेंडूची माळ, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. आबाजी फेटा बांधून जेवत होते आणि कुणीतरी हाक मारल्यासारखे वर बघत होते. गालात बुंदी होती. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

मी आत्याला फोन लावला. माझा आवाज ऐकून आत्याने विचारलं, काय झालं, परीक्षा अवघड गेली का. मी कसंबसं आबाजींचं विचारलं. ती म्हणाली, ते डॉक्टरांचा काळा चष्मा लावून मघाशीच बसने निघाले, दोन वेळा चहा घेऊन गेले, शेवग्याच्या शेंगा दिल्यात, त्या संध्याकाळच्या आत आईला दे.

मग कोण गेलं? बस फाट्याला लागली तरी मला उलगडा झाला नाही. तो घराच्या अंगणात झाला. अंगणात बाया बसल्या होत्या. कुणीतरी पिठलं-भाकर करून आणलं होतं, कारण दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. आई नुकतीच शेतातून आली होती. तिच्या हातात विळा तसाच होता, आणि दोघी बाया तिला दोन्हीकडून धरून रडायला लावत होत्या. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, की माझं कोण गेलं ते तर सांगा. बाया म्हणत होत्या, हिला तर धक्काच बसला आहे. मी म्हटलं, आबाजी जिवंत आहेत, बसने येताहेत, तर म्हणे पोरीलाही बसला.

मी कडुनिंबाकडे पाहिलं. फांदीला सुतळीचा तुकडा लोंबत होता. गाडगं नव्हतं.

गाडगं काकांनी नेलं होतं. हे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. लहानपणी बाप गेला तेव्हा त्यांना आबाजींनीच वाढवलं, लग्न लावून दिलं. पुढे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बिनसलं. आबाजी म्हणत, तू धुरा कोरला. काका म्हणत, बैलांनी कोरला. तेव्हापासून ते समोरासमोर आले तरी एक आभाळाकडे बघायचा, एक चपलेकडे. ग्रुपवरचा फोटो पाहून काका मालेगावहून मोटरसायकलवर धावत आले. अंगणात खूप रडले. जिवंतपणी बोललो नाही, आता निदान एवढं तरी करू द्या, असं म्हणाले. उद्या अमावास्या आहे, आजच सोडायला पाहिजे, असं कुणी म्हातारं बोललं. भाऊ बिचारा हरभऱ्यात अडकला आहे, त्याच्याऐवजी मीच जातो, म्हणून काकांनी गाडगं छातीशी धरलं आणि मोटरसायकल गावातल्या एका पोराच्या हाती देऊन, मागच्या सीटवर बसून पैनगंगेला गेले.

ते परत आले तेव्हा मी अंगणातच होते. ओले कपडे, कपाळाला गंध, डोकं पूर्ण भादरलेलं. मिशीसुद्धा काढली होती. त्या मिशीवर काकांचं सगळ्या गावात नाव होतं. ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “लय जड होतं बाई. पाण्यात सोडलं त लगेच बुडलं. बुढ्याले काही वासना राह्यली नव्हती.”

कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, जड असतं, बुडणारच. मला रडू फुटलं. बायांना बरं वाटलं, कारण इतका वेळ आमच्या घरातलं कुणी नीट रडतच नव्हतं.

तेवढ्यात बाबा शेतातून आले, आणि त्यांच्या मागोमाग, हातात शेंगांची पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा, आबाजी. फाट्यावर ते दोघं भेटले होते. पानटपरीवाल्याने आज आपल्याला पाहून राम राम का केला नाही, असं आबाजी बाबांना विचारत येत होते. अंगणात आले आणि थांबले. बाया उठून उभ्या राहिल्या. एकीने पिठल्याचं पातेलं पदराखाली घेतलं, का ते तिलाच माहीत.

आबाजींना चष्म्यातून अंधुक दिसत होतं. त्यांना समोर दिसलं ते काकांचं भादरलेलं डोकं. ते हळूच जवळ गेले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांनंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

“कोण गेलं गा?”

काका आबाजींच्या पायांकडे पाहत होते, पाय सरळ आहेत की उलटे ते बघत असावेत. मग एकदम खाली बसले आणि त्यांचे पाय धरले. आबाजी म्हणाले, अरे सांग तरी, तुझी माय गेली का. तेव्हा आईने विळा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, ती कितीतरी वेळ थांबेना.

सगळं उलगडून सांगायला बराच वेळ लागला. आबाजींनी ग्रुपवरचा फोटो मोठा करून पाहिला. त्यांना मेल्याचं फार वाटलं नाही, पण फोटोचं वाटलं. कोण कोण हात जोडून गेलं हे त्यांनी बाबांकडून वाचून घेतलं, आणि सरपंचाचं नाव आलं नाही तेव्हा चष्मा काढून स्वतः पाहण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी चष्मा काढू नका म्हणून सांगितलं होतं. काका एका बाजूला उकिडवे बसून मिशीच्या जागेवरून बोट फिरवत होते. शेवटी आबाजींनी त्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, “माह्या अस्थी सोडल्या तू. आता धुऱ्याचं काय बोलावं? जाऊ दे.” काका म्हणाले, धुरा बैलांनीच कोरला होता. आबाजी म्हणाले, असन.

सगळे हसत होते. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून सरांना फोन लावला. उद्याचा एक दिवस हातात होता. रविवार गेलेला, शेजारी हाडं नव्हती, आणि असती तरी आता आमच्या घरात कुणी गोवऱ्या रचू दिल्या नसत्या. नमुना नाही म्हणजे प्रकल्प नाही, प्रकल्प नाही म्हणजे वर्ष गेलं. मी रडत रडत सरांना सांगितलं की माझ्या फॉस्फेटचं विधिवत विसर्जन झालं.

सरांच्या मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ते म्हणाले, हे बघ, फॉस्फेट काही फक्त हाडांत नसतं. शरीराला नको असलेलं रोज बाहेर जातं. म्हणजे द्रवरूपात. म्हणजे सकाळचं. मी विचारलं, कोणतं द्रव, सर? सरांनी फार अडखळत तो शब्द इंग्रजीत सांगितला, आणि पुढचं सगळं एका दमात: त्यात मॅग्नेशियमचं मीठ आणि अमोनिया घातला की मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे पांढरे स्फटिक खाली बसतात, अर्ध्या तासात काम होतं, दोन लिटर तरी आण. आणि फोन ठेवला.

आता हे घरात सांगायचं कसं? मी आईला कानात सांगितलं. आईने बाबांना. बाबा घसा खाकरून म्हणाले, पोरीची पदवी आहे, लागेल ते करू. आबाजींना ऐकू कमी येत नव्हतं, हे आम्ही विसरलो होतो.

“एवढ्यासाठी रडून राह्यली?” ते बाजेवरून म्हणाले. “गाईचं आपण शिंपडतो, मंग माणसाचं काहून नाही? माह्या नावानं गेलं ते. भरपाई बी मीच करतो.”

मी म्हटलं, आबाजी, माझं मी बघते. त्यांनी ऐकलं नाही. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी आपलं सगळं तपासलं, साखर नाही, काही नाही, असा शुद्ध माल तुला गावात मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. काकाही पुढे सरकले, आपण गमावलं तर आपलाही वाटा हवा म्हणून. आबाजींनी त्यांना बसवलं. तुह्याच्यात भेसळ असन, म्हणाले. आईने फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा काढला. मी तो नाकारून पाण्याचा कॅन घासून दिला. ठेवायचा कुठे, यावर आईचं एकच म्हणणं होतं: कुठेही ठेवा, फक्त झाडाला टांगू नका.

सकाळी आबाजींनी अंगणात सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात काम झाल्याचं सांगितलं. काकांनी मला आणि कॅनला मोटरसायकलवर मालेगावला नेलं. त्यांच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहून वाटेत ओळखीचे लोक थांबत आणि कोण गेलं विचारत. काका म्हणत, कोणीच नाही, आणि गाडी पळवत.

प्रयोगशाळेत सरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. कोल्ड्रिंकवाला मित्र दारातूनच परत गेला. मी ते गाळून घेतलं, मॅग्नेशियम सल्फेट घातलं, मग थेंब थेंब अमोनिया. आधी काहीच झालं नाही. मी ढवळत राहिले. मग चंचुपात्राच्या काठावर कुणी बारीक काच चुरून टाकल्यासारखी चमक दिसली, आणि बघता बघता सगळ्या द्रवात पांढरं चमकणारं काहीतरी फिरायला लागलं. मी आजवर अभ्यासात पाहिलेल्यांत ती सगळ्यात सुंदर गोष्ट होती. मी ते आबाजींचं आहे हे पूर्ण विसरले. गाळून, धुऊन गाळणकागदावर वाळत ठेवलं. थोडंसं नायट्रिक ॲसिडात विरघळवून त्यात अमोनियम मॉलिब्डेट टाकलं आणि नळी कोमट पाण्यात धरली. हळदीसारखा पिवळा साका बसला. फॉस्फेट होतं. मग वनस्पतिशास्त्राचा सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि स्फटिक पाहिले. लहान लहान, कडा तासलेल्या पेट्यांसारखे. रात्रीतून वहीचं पहिलं पान, कृती आणि ऋणनिर्देशाचं पान तेवढं बदलायचं होतं. ज्यांचे आभार मानायचे त्यांचे मनापासून मानायचे, असं बाबांनी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. पांढरा सदरा, कडक चेहरा. त्यांनी कोल्ड्रिंकवाल्याला पाच मिनिटांत घामाघूम केलं. माझी पाळी आली. त्यांनी माझ्या काचेच्या बशीतले स्फटिक चिमटीत घेतले, तळहातावर चोळले, उजेडात धरले, वास घेऊन पाहिला आणि म्हणाले, फार छान, इतके स्वच्छ स्फटिक या वर्षी कुठे पाहिले नाहीत. आकार काय? मी म्हटलं, पुस्तकात दिलाय तसाच, सर, शवपेटीच्या झाकणासारखा. त्यांनी मान डोलावली. तळहात तसाच, दुसऱ्या हाताने त्यांनी प्रकल्पाची वही उघडली आणि ऋणनिर्देश वाचू लागले. आई-वडिलांचे आभार. सरांचे आभार. वाहतुकीबद्दल काकांचे आभार. मग ते थांबले.

“नमुना उपलब्ध करून दिल्याबद्दल आजोबांचे आभार,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “आजोबांनी काय दिलं?”

मी खरं ते सांगितलं.

परीक्षकांनी तळहाताकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. परीक्षक उठले, नळाखाली हात धुतले, साबण मागून परत धुतले, आणि जागेवर येऊन बसले. ते म्हणाले, विषयाच्या यादीत तर तुमच्या नावापुढे हाडं लिहिली आहेत. मी म्हटलं, हो सर, त्यांचं अस्थिविसर्जन झालं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. कोणाचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बकऱ्याचं. मग मात्र मला सगळंच सांगावं लागलं. धुऱ्यापर्यंत सांगून झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते रडत नव्हते. त्यांनी मला अमोनियाच्या परीक्षणाचा एक खरा प्रश्न विचारला, मी लाल लिटमस ओला करून वाफेवर धरायचा म्हणून सांगितलं, आणि त्यांनी गुणपत्रिकेवर सही केली. बाहेर जाताना सरांना म्हणाले, हिला पुढे शिकवा.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बाबा आत गेले, कपाटातून अमरावतीच्या प्रवेशाची माहिती लिहिलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. तो त्यांनी कधी मिळवला होता, मला माहीत नव्हतं. आईने आत्याला फोन करून मुलाकडच्यांना थांबू नका असं कळवायला सांगितलं.

आबाजी बाजेवर बसून वाट पाहत होते. माल कसा निघाला, हे त्यांना ऐकायचं होतं. मी सांगितलं, साहेब म्हणाले की यंदा इतका स्वच्छ कुठेच पाहिला नाही. त्यांनी मला ते काकांना परत सांगायला लावलं. आकार कसा होता, विचारलं. पेटीच्या झाकणासारखा, मी म्हटलं. कोणती पेटी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दागिन्यांची असते तशी. त्यांना ते आवडलं. मग ते जरा पुढे वाकले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

“अमरावतीले बी लागलं त सांगजो बाई. त्याचा आपल्या घरी तोटा नाही.”